इंजिनाची मंद चाल आणि साहाय्यक हवा-झडप

ल कॉर्ब्युझिए याने १९५१ मध्ये चंडीगडच्या आखणीचे काम हाती घेतले. त्याच्या आराखड्यात प्रत्येक सेक्टर सुमारे ८०० मीटर रुंद आणि १,२०० मीटर लांब आहे. साहजिकच मोटार चालविणाऱ्याला थोड्याथोड्या अंतरावर चौक लागतो. तेथे थांबल्यावर गाडी उभी राहिली तरी इंजिन मात्र मंद गतीने फिरत राहिले पाहिजे. ही मंद चाल बिघडली की जुनी गाडी ऐन चौकात बंद पडते.

ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते आणि इंजिनाला अगदी थोडी हवा मिळते. तापलेल्या इंजिनाला मिनिटाला सुमारे ८०० ते ९०० फेरे घेण्यास ती पुरते. थंड इंजिनाची गोष्ट वेगळी असते. त्यातील वंगण घट्ट झालेले असते आणि पेट्रोलची वाफही नीट होत नाही. जानेवारीतल्या पहाटे चंडीगडचा पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, तर मे-जूनमध्ये तो चाळिशी ओलांडतो. दोन्ही ऋतूंत एकाच इंजिनाची मंद चाल टिकली पाहिजे.

जुन्या ॲम्बॅसेडर व पद्मिनी गाड्यांत कार्ब्युरेटर असे आणि चालक हाताने चोक ओढून ही अडचण दूर करी. १९७० च्या दशकात बॉशच्या एल-जेट्रॉनिक या इंधन-फवारणी पद्धतीने हे काम एका साहाय्यक हवा-झडपेकडे सोपविले. तिच्यातील छिद्र थंडीत उघडे असते व थ्रॉटलला वळसा घालून जादा हवा जाऊ देते. ही हवा मापकातून आलेली असल्याने तिच्या प्रमाणात इंधनही वाढते. इंजिन सुरू झाल्यावर झडपेतील विद्युत तारेने द्विधातूची पट्टी तापते, वाकते आणि काही मिनिटांत छिद्र बंद करते.

दोष ओळखण्याची रीत सोपी आहे. गाडी मोकळ्या हवेत, गिअर काढून व हातब्रेक लावून उभी करावी. इंजिन थंड असताना झडपेची रबरी नळी चिमटीत दाबली, तर फेरे स्पष्टपणे कमी व्हावयास हवेत. ते कमी न झाल्यास झडप उघडत नाही. तापलेल्या इंजिनावर तसेच केल्याने फेरे उतरले, तर झडप मिटत नाही. मात्र तिला दोष देण्यापूर्वी तिच्या तारांत वीज पोहोचते की नाही हे पाहावे. नळीला तडा गेला असेल तर न मोजलेली हवा आत शिरते. तेव्हा इंजिन अडखळत चालते आणि बहुधा फुस्स असा आवाज येतो.

काजळी व तेलाच्या थराने अडकलेली झडप काढून, आगीपासून दूर, कार्ब्युरेटर साफ करण्याच्या द्रावाने धुवावी व पूर्ण वाळू द्यावी. आतील तार तुटली असल्यास झडप बदलणे भाग पडते. मनीमाजऱ्याच्या मोटार बाजारात अथवा अन्यत्र जुना भाग घेताना तो थंड असताना आरपार उजेड दिसतो ना, आणि वीज जोडल्यावर छिद्र हळूहळू मिटते ना, हे पाहून घ्यावे.

हे सारे टाळून पुष्कळदा केवळ मंद गतीचा स्क्रू फिरविला जातो. त्याने सकाळची गाडी बंद पडत नाही. परंतु दुपारी तीच गाडी चौकाचौकांत उगाच वेगाने धडधडत पेट्रोल जाळत राहते, आणि मूळ दोष जागच्या जागीच राहतो.