मोटारीतील ब्लूटूथ : गाणी ऐकू येतात, संभाषण का नाही?

मोटार सुरू होताच भ्रमणध्वनी ब्लूटूथद्वारे आपोआप जोडला जातो, गाणीही सुस्पष्ट ऐकू येतात. मात्र फोन आला की स्पीकर मुका होतो किंवा पलीकडील व्यक्ती ‘आवाज येत नाही’ अशी तक्रार करू लागते. हा अनुभव अनेक वाहनचालकांच्या परिचयाचा आहे. वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या या अडचणीला सुरक्षिततेची बाजूही आहे. संभाषण तुटले की चालकाचा हात नकळत मोबाईलकडे वळतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, वाहन चालवताना हातात धरलेल्या संपर्क उपकरणाचा वापर धोकादायक वाहनचालनात मोडतो. पहिल्या अपराधासाठी १ हजार ते ५ हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्षापर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

गाणी आणि संभाषण ब्लूटूथच्या दोन वेगवेगळ्या व्यवस्थांमधून जातात, हे या समस्येचे मूळ होय. संगीतासाठी ‘ए-टू-डी-पी’ आणि दूरध्वनीसाठी ‘एच-एफ-पी’ ही प्रणाली वापरली जाते. संगीत एकाच दिशेने वाहते, त्याला क्षणभर विलंब झाला तरी बिघडत नाही. संभाषण दुहेरी असते व विलंब सहन करत नाही. त्यामुळे एक व्यवस्था सुरळीत असताना दुसरी बंद असणे सहज शक्य असते. जुन्या मोटारींतील यंत्रणा सेकंदाला केवळ ८ हजार नमुने घेऊन आवाज पाठवते. २०११ मध्ये आलेल्या ‘एच-एफ-पी’च्या १.६ आवृत्तीने ही क्षमता १६ हजारांवर नेली. म्हणूनच जुन्या गाडीतील काहीसा दबका आवाज हा बिघाड नव्हे, तर त्या यंत्रणेची मर्यादा आहे.

आवाज मुळीच येत नसल्यास प्रथम मोबाईलच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये मोटारीच्या नावापुढील ‘फोन कॉल’ हा पर्याय सुरू आहे काय, हे पाहावे. अनेक गाड्यांत गाण्यांचा आणि संभाषणाचा आवाज स्वतंत्रपणे नियंत्रित होतो. संभाषणाचा आवाज फोन सुरू असतानाच वाढवता येतो. मनगटी घड्याळ किंवा इअरबड जोडलेले असल्यास संभाषण तिकडे वळलेले असू शकते. एवढ्याने भागले नाही, तर जुनी जोडणी मोबाईल आणि मोटार या दोन्ही ठिकाणांहून पुसून ती नव्याने करावी. पुष्कळ जण ती केवळ मोबाईलमधून पुसतात आणि अडचण तशीच राहते. व्हॉट्सॲपसारख्या ॲपवरील संभाषणातच अडथळा येत असेल, तर त्या ॲपला मायक्रोफोनची आणि अँड्रॉइडच्या १२व्या आवृत्तीपासून ‘जवळपासची उपकरणे’ वापरण्याची परवानगी दिलेली आहे का, हे तपासावे. अँड्रॉइड ऑटो केबलने जोडलेले असले तरी त्यावरील दूरध्वनीचा आवाज ब्लूटूथनेच जातो, ही बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही.

प्रतिध्वनीचे गणित मात्र उलटे आहे. पलीकडील व्यक्तीला स्वतःचाच आवाज पुन्हा ऐकू येत असेल, तर दोष बहुधा मोटारीत असतो: तिचा आवाज गाडीतील स्पीकरमधून निघून मायक्रोफोनमध्ये शिरतो. अशा वेळी स्पीकरचा आवाज कमी केल्यास तत्काळ फरक जाणवतो. चालकाला स्वतःचा आवाज ऐकू येत असेल, तर कारण बहुतेक वेळा पलीकडे असते. प्रतिध्वनी व गोंगाट गाळण्याचे काम मोबाईल आणि मोटार दोघेही करू शकतात. ते एकानेच करावे, यासाठी मोटार जोडणीच्या वेळी मोबाईलला त्याची गाळणी बंद करण्याची सूचना देऊ शकते. ही सूचना पाळली गेली नाही, तर आवाज दोनदा गाळला जाऊन शब्द तुटक ऐकू येतात. यावर चालकापाशी फारसा इलाज नसतो. मोबाईल आणि मोटार यांचे सॉफ्टवेअर अद्ययावत करणे, एवढेच हाती उरते.

दोष नेमका कोणाचा, हे ठरवण्यासाठी गाडी उभी करून दुसरा मोबाईल जोडावा व घरच्या एखाद्या व्यक्तीला फोन लावावा. तो नीट चालला तर पहिल्या मोबाईलची तपासणी करावी. त्यावरही तीच तक्रार राहिली, तर गाडी सेवा केंद्रात न्यावी. बाजारातून नंतर बसवलेल्या स्टिरिओच्या बाबतीत मात्र आधी त्याचा बाहेरचा मायक्रोफोन जोडलेला आहे काय आणि तो चालकाच्या तोंडापासून फार दूर किंवा एसीच्या झोतासमोर तर बसवलेला नाही ना, हे पाहणे इष्ट.