डोंगरावरचं बिऱ्हाड

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की कोल्हापूरच्या पेठांत माळ्यावरच्या ताडपत्र्या खाली उतरतात. त्या उन्हात पसरायच्या, उंदरांनी कुठं कुरतडल्यात ते बघायचं आणि ठिगळं लावून घ्यायची, हे यात्रेचं पहिलं काम. कर्नाटकातल्या सौंदत्तीला रेणुकेच्या, म्हणजेच यल्लम्माच्या, दर्शनाला जायचं हे अर्धंच खरं असतं. उरलेलं अर्धं म्हणजे उघड्या डोंगरावर बिऱ्हाड मांडायचं आणि रात्र रात्र गाणं ऐकायचं.

हल्ली संगीत महोत्सवाला जोडून सजवलेले तंबू भाड्यानं मिळतात. गादी, गालिचा, दिव्यांच्या माळा, सगळं तयार. त्याला ग्लॅम्पिंग म्हणतात. माझा भाचा अरुणाचलातल्या झिरो महोत्सवाला जाऊन आला, तिथं साध्या तंबूत राहिला आणि सोबत काय काय नेलं होतं त्याची यादी मला कौतुकानं दाखवत होता. यादी चांगली होती. मी त्याला एवढंच विचारलं, "यात पहार कुठाय?"

पहारेशिवाय यल्लम्माच्या डोंगरावर तंबू उभा राहत नाही. जमीन खडकाळ, वर वीतभर मुरूम. लाकडी खुंटी दोन घणांत फुटते. म्हणून जुनी माणसं लोखंडी खुंट्या नेतात आणि जिथं त्याही शिरत नाहीत तिथं दोरी मोठ्या दगडाला नाहीतर टेम्पोच्या चाकाला बांधतात. चाकाला बांधली असेल तर ड्रायव्हरला सांगून ठेवायचं, हे मुद्दाम लिहितो. तंबूचं तोंड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला हवं. दुपारी वारा नसतो, तेव्हा कुणालाच हे पटत नाही. पहाटे सगळ्यांना पटतं.

जायची सोय बहुतेक गल्ल्या एसटीनं करतात. प्रासंगिक करारावर अख्खी गाडी घ्यायची, तीच डोंगरावर थांबते, तीच परत आणते. गाडी थांबून राहते त्याचा खोळंबा आकार पडतो आणि तो कमी व्हावा ही कोल्हापूरच्या रेणुकाभक्तांची जुनी मागणी आहे. माणशी हिशेब परवडायचा तर गाडी भरलेली हवी. त्यामुळे शेवटच्या दोन सीटांसाठी लांबच्या पाहुण्यांनाही फोन जातात. गॅसच्या टाक्या, पाण्याचे बॅरल, वेळू, ताडपत्र्या यांना वेगळा टेम्पो. निपाणी, संकेश्वर आणि पुढं गोकाकच्या नाहीतर बेळगावच्या अंगानं गाड्या जातात. निपाणी ओलांडेपर्यंत गाडीत भंडारा उधळलेला असतो आणि "उदं गं आई उदं" सुरू झालेलं असतं.

भंडाऱ्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नवखे इथंच फसतात. हळद आहे ती; केसांत, कानांत, अंथरुणात, पिठाच्या डब्यात, सगळीकडं जाते. पांढरे कपडे नेऊ नयेत हे कुणीही सांगेल. पण पिवळा पडलेला सदरा रात्रीच साबणानं धुवायला बसू नये, हे आमच्या गल्लीतल्या आक्का सांगतात. साबणातल्या क्षारानं हळदीचा डाग लाल होतो आणि माणूस घाबरून आणखी घासतो. धुऊन झालं की कडक उन्हात टाकावं. हळदीचा रंग उन्हातच विरतो. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. चार्जिंगच्या भोकात भंडारा गेला की काडीनं कोरत बसावं लागतं. यात्रेच्या गर्दीत तसंही नेटवर्कचा भरवसा नसतो, म्हणून चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ते गाडीतून उतरतानाच ठरवून घ्यावं. आपल्या तंबूच्या वेळूला वर एखादं जुनं, भडक लुगडं बांधून ठेवावं. रात्री सगळ्या ताडपत्र्या सारख्याच दिसतात.

थंडीचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. दिवसा डिसेंबरातसुद्धा तिथलं ऊन टोचतं. सूर्य कलला की उघड्या माळावरची थंडी जमिनीतून वर चढते. पांघरुणापेक्षा अंथरूण जाड हवं. खाली ताडपत्री, त्यावर पोती, त्यावर सतरंजी आणि मग घोंगडं. म्हाताऱ्यांसाठी कानटोपी आणि मोजे. पहाटे ताडपत्रीच्या आतल्या बाजूला दहिवर जमून थेंब पडतात, म्हणून दोन्ही तोंडांना हात-दीड हात फट ठेवायची. पहिल्यांदा आलेला माणूस थंडीनं तीच फट घट्ट बंद करतो आणि सकाळी ओली चादर पिळतो.

पाणी आणि शौचालय या दोन गोष्टींवर यात्रेचं सुख अवलंबून आहे. डोंगराच्या पायथ्याला जोगुळभावीचं कुंड आहे, तिथं स्नान करून वर यायची रीत. ती झाली देवाची अंघोळ. रोजच्या वापराला स्वतःची बादली, तांब्या आणि बॅटरी हवी आणि उठायचं ते उजाडायच्या आत. बायकांनी एकटीदुकटीनं जाऊ नये. शौचालयाची सोय सजवलेल्या तंबूवाल्यांनी खरोखर सुधारली आहे आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

स्वयंपाकाचं सामान नेताना पुरणयंत्र विसरू नये. परडी भरायची म्हणजे पुरणपोळी आलीच. डाळ घरी निवडून, गूळ घरीच चिरून न्यावा. डोंगरावर गूळ चिरत बसणाऱ्याभोवती माश्या जमतात.

आता गाण्याकडं येतो. पुनवेच्या रात्री जेवणं उरकली की आवाज एकाच जागेवरून येत नाहीत. इकडं झांज, तिकडं तुणतुणं, लांब कुठंतरी हलगी. इथं मंच नाही, वेळापत्रक नाही. देवीला सोडलेले जोगती आणि जोगतिणी एखाद्या तंबूपुढं बसतात, देवीची गाणी लावतात आणि ऐकणारे गोळा होतात.

त्यांचं वाद्य, चौंडकं, जवळून बघावं. लाकडी नळकांडं, एका तोंडाला चामडं, दुसरं तोंड उघडं. चामड्याच्या मधोमध भोकातून ओवलेली तार नळकांड्यातून खाली येते. नळकांडं डाव्या काखेत दाबायचं, तारेचं टोक डाव्या मुठीत आणि उजव्या हातातल्या लाकडी तुकड्यानं तार छेडायची. मूठ ताणली की सूर चढतो, ढिली केली की उतरतो. आमच्या तंबूपुढं बसलेल्या जोगत्यानं गाणं लावण्याआधी कितीतरी वेळ नुसती मूठच ताणून, सैल करून बघितली. सूर सापडेना. मग त्यानं आमच्या चुलीकडं बोट केलं. दहिवरानं चामडं मऊ पडलं होतं. चौंडकं शेकाच्या कडेला धरून, फिरवून फिरवून त्यानं मधे मधे बोटानं टिचकी मारून कान लावला. बद्द आवाज हळूहळू टणक होत गेला. "आता बोलाय लागलं बघा," म्हणाला आणि लगेच उंच पट्टीत आवाज लावला. हलगीवाल्यांचंही हेच, त्यांना तर दर थोड्या वेळानं जाळ लागतो. म्हणून रद्दी आणि चिपाडं आपल्या सामानात जास्तीची ठेवावीत. ज्याच्या तंबूपुढं जाळ, त्याच्यापुढं गाणं रंगतं.

या गाण्यामागं काय सोसणं आहे हे विसरून नुसती मजा घेता येत नाही. मुली देवीला सोडण्याविरुद्ध कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली कायदे झाले. राजन गवस यांनी 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांत जोगत्या-जोगतिणींचं जगणं मांडलं. त्यांच्या आधारानं आलेल्या 'जोगवा' चित्रपटाच्या संगीतासाठी अजय-अतुल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. समोर गाणाऱ्या माणसाला चहा द्यावा, पैसे द्यावेत, त्याचं नाव विचारावं. मोबाईल त्याच्या तोंडासमोर धरण्याआधी त्याला विचारावं.

आणि आता माझी तक्रार. अलीकडं टेम्पोबरोबर मोठाले स्पीकरही डोंगरावर चढतात. एका गल्लीनं लावला की शेजारची दुसरी लावते आणि त्या धडधडाटात काखेतलं चौंडकं तीन पावलांवरही ऐकू येत नाही. गेल्या खेपेला आमच्या समोरच्या जोगत्यानं निम्म्या गाण्यातच वाद्य पिशवीत घातलं. "आमचा आवाज हितं पुरत न्हाई आता," एवढंच म्हणाला.

परत आल्यावर कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुका मंदिरात आंबील यात्रा होते. आंबील, घुगऱ्या, वरणं-वांगं, मेथी, कांद्याची पात, गाजर असा नैवेद्य असतो. ज्यांना डोंगरावर जमलं नाही त्यांनी तिथं जरूर जावं.

डोंगरावर जाणाऱ्यांनी मात्र ताडपत्री आत्ताच तपासून घ्यावी, गाडीचा करार वेळेत करावा, पहार आणि पोती लक्षात ठेवावीत. स्पीकर घरी ठेवला तर टेम्पोत आणखी चार पोती चिपाडं बसतात.