राजीनाम्यापूर्वीची वही

मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावर, मुंबईपासून सुमारे ८० किलोमीटर अंतरावर वाशिंद हे स्थानक आहे. पहाटेच्या गाडीस येथे जी गर्दी उसळते, तीत शहापूर तालुक्यातील कित्येक शेतकरी कुटुंबांतील कर्ते पुरुष व हल्ली स्त्रियाही असतात. मुंबईस पोहोचण्यास दोन तास, परतण्यास दोन तास, आणि मधला दिवस कचेरीत किंवा कारखान्यात. पगार बरा असतो. परंतु घरची चार बिघे जमीन पावसाळ्यात भात देऊन उरलेले वर्ष तशीच पडून राहते, आणि तिचा मालक ती रविवारी तेवढी पाहतो.

अशांपैकी एखादा गृहस्थ केव्हातरी गावपातळीवरील कार्यकर्त्याकडे येतो व विचारतो, “नोकरी सोडून शेती केली तर चालेल काय?” घरातील वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते: बांधलेला पगार टाकून चिखलात कोण जातो? कार्यकर्त्यास मात्र असे सहज उत्तर देऊन भागत नाही. कारण या प्रश्नामागे एका कुटुंबाचे पुढील दहा वर्षांचे अन्न असते.

मोठ्या पगाराची नोकरी सोडून मातीत उतरलेल्यांत शरद जोशी यांचे उदाहरण महाराष्ट्रास सुपरिचित आहे. १९५८ मध्ये ते भारतीय डाक सेवेत दाखल झाले. १९६८ पासून ते स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघाच्या कचेरीत अधिकारी होते. तेथे सुखसोयींची उणीव नव्हती. परंतु दरिद्री देशांच्या विकासाच्या नावाने जे काम चालते, त्याचा त्या देशांतील दरिद्री माणसाशी फारसा संबंध पोहोचत नाही, असे त्यांस वाटू लागले. १९७७ मध्ये ती नोकरी सोडून ते सहकुटुंब परतले आणि पुणे जिल्ह्यात चाकणजवळ आंबेठाण येथे त्यांनी कोरडवाहू जमीन घेतली.

पुढे १९७९ मध्ये त्यांनी शेतकरी संघटना स्थापन केली, कांद्याच्या भावासाठी आंदोलन उभे केले, २००४ ते २०१० या काळात ते राज्यसभेचे सदस्य होते, २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. हा सर्व इतिहास अनेकांस ठाऊक आहे. येथे विचारात घ्यावयाचा भाग त्याआधीचा आहे. वाणिज्य शाखेत शिकलेल्या या माणसाने शेतावर पाऊल ठेवताच हिशेब मांडण्यास आरंभ केला. बी, खत, मजुरी, वाहतूक, अडत असा एकेक आकडा लिहिला आणि मग हाती आलेल्या पैशाशी तो ताडून पाहिला. मेळ बसेना. कष्ट कमी पडले म्हणून नव्हे, तर मालाची किंमत उत्पादनखर्चाच्या खाली राहत होती म्हणून. उत्पादनखर्चावर आधारित भाव ही त्यांची पुढील आयुष्यभराची मागणी या अनुभवातूनच वर आली. त्यांच्या मतांविषयी मतभेद असतील, पण वही ठेवण्याच्या त्यांच्या शिस्तीविषयी कोणाचा मतभेद असण्याचे कारण नाही.

वाशिंदच्या नोकरदारास अशी वही राजीनाम्यापूर्वीच लिहिता येते, हा त्याचा मोठा फायदा होय. तिच्या पहिल्या पानावर पाण्याचा प्रश्न असावा. शहापूर तालुक्यातील तानसा, वैतरणा व भातसा ही धरणे मुंबईची तहान भागवितात, आणि याच तालुक्यातील काही पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून विहिरीत दिवाळीला किती पाणी आहे हे विचारून उपयोग नाही. मार्च-एप्रिलमध्ये किती उरते ते पाहावे. ज्याच्याजवळ हे पाणी नाही, त्याने भेंडीच्या गोष्टी ऐकून नोकरी सोडू नये, असे स्पष्ट सांगणे हेच हिताचे ठरेल.

ज्याची वडिलोपार्जित जमीन नाही, त्याची अडचण निराळी. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्यास शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही, आणि आदिवासी खातेदाराची जमीन परवानगीवाचून बिगर आदिवासीकडे जाऊ शकत नाही. निवृत्तीची रक्कम इसारात गुंतविण्यापूर्वी सातबारा व फेरफार तलाठ्याकडून तपासून घ्यावे. या भागात जमिनीचे दलाल वाढले आहेत, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आता वेळेविषयी. नोकरी सोडणाऱ्याच्या मनात पैशाइतकीच ओढ असते ती मोकळ्या वेळाची. हातावरचे घड्याळ उतरवून ठेवता येईल असे त्यास वाटते. हळव्या भाताचे शेत लवकर मोकळे होते व पाणी असल्यास त्यामागून भेंडी लावता येते. शहापूर-मुरबाडकडे हे पीक रुजलेलेही आहे. लावणीनंतर सुमारे दीड महिन्याने तोडा सुरू होतो. त्यानंतर मात्र दर एक दिवसाआड पहाटे शेतात हजर राहावे लागते. एक तोडा चुकला तर शेंग जून होते आणि बाजारात तिला कोणी विचारीत नाही. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा हळद्या रोग आला, तर रोगट झाडे तेव्हाच उपटावी लागतात. येथे किरकोळ रजा नाही. फरक एवढाच की दुपार स्वतःची असते, मूल शाळेतून येते तेव्हा बाप घरी असतो, आणि कोणते काम आज व कोणते उद्या हे बरेचसे आपणच ठरवितो. ज्यास एवढी मोकळीक पुरेशी वाटते, त्याने पुढे विचार करावा.

भातशेतीतील मजुरी ही वहीतील दुसरी मोठी नोंद. आवणीच्या दिवसांत माणसे मिळत नाहीत. मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यात, नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेली पद्धत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तीत चिखलणी नाही व आवणीही नाही. कायमच्या गादीवाफ्यांवर लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर छिद्रे पाडून बी टोकतात, आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच राहू देतात. त्याच वाफ्यांवर पुढे वाल वा मूग घेता येतो. तथापि तणाचा बंदोबस्त वेळीच झाला नाही, तर ही पद्धत अंगाशी येते. म्हणून आधी एका खाचरात करून पाहावी.

तसेच नोकरीचेही. एक हंगाम नोकरी न सोडता पाच गुंठे भेंडी लावावी. तोड्याच्या दिवशी पहाटे घरच्या माणसांसह शेतात जावे व मग गाडी गाठावी. स्वतःची व पत्नीची मजुरीही, रोख दिली नसली तरी, खर्चाच्या बाजूस लिहावी; पुष्कळ हिशेब येथेच खोटे ठरतात. घरचा महिन्याचा खर्च, मुलांची फी व कर्जाचे हप्ते समोरच्या पानावर असू द्यावेत. उन्हाळ्यात विहीर तळाशी गेली की ती वही घेऊन कार्यकर्त्याने व त्या गृहस्थाने, शक्य तर त्याच्या पत्नीसह, एकत्र बसावे. आकडे जमत नसतील तर त्यांस गाडी आहेच. जमत असतील तर मृगापूर्वी बियाण्याची सोय करावयास अद्याप वेळ असतो.