घरच्या शुश्रूषेचे मोल

कर्करोगावरील उपचारांचा निर्णय रुग्णालयात होतो. पण रुग्णाचे बहुतेक दिवस घरीच जातात. उंब्रज व तारळी खोऱ्यातील कुटुंबे उपचारांसाठी कराड, मिरज, पुणे, किंवा सुमारे ३०० किलोमीटरवरील मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जातात. परतताना त्यांच्या हाती औषधांची पिशवी आणि पुढील भेटीची तारीख असते. मधल्या दोन-तीन आठवड्यांत औषध देणे, ताप पाहणे, जखम स्वच्छ करणे ही कामे पत्नी, सून, मुलगा किंवा बहीण करते. आमच्या बाह्यरुग्ण विभागात भेटणाऱ्या या मंडळींचे अनुभव आपणांसमोर ठेवावेत, असे आम्हांस वाटले.

पूर्वी केमोथेरपी म्हणजे सलाईन, असेच समीकरण होते. आता काही औषधे गोळ्यांच्या रूपात घरीच घेतली जातात. उदाहरणार्थ, कॅपेसिटाबिनची गोळी साधारणपणे १४ दिवस, दोन वेळा, जेवणानंतर अर्ध्या तासात घ्यावयाची असते. नंतर ७ दिवस विश्रांती. या विश्रांतीचा अर्थ न उमगल्याने आजार बळावेल या भीतीने गोळी चालू ठेवली जाते, किंवा चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून पुढच्या वेळी दोन दिल्या जातात. दोन्ही गोष्टी अपायकारक आहेत. ही गोळी कुटू नये. देणाऱ्याने हातमोजे घालावेत.

नातेवाईक सर्वाधिक घाबरतात ते रात्रीच्या तापाला. केमोथेरपीनंतर रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. अशा वेळी १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आल्यास, तापाची गोळी देऊन सकाळची वाट न पाहता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते. एवढे एक वाक्य वेळेवर कळले, तर प्राण वाचू शकतात.

वेदनेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण कण्हत असताना शेजारी बसून राहणे, यासारखी दुसरी शिक्षा नाही, असे नातेवाईक सांगतात. मॉर्फिन हे यावरचे परिणामकारक औषध. पण त्याचे नाव काढताच 'व्यसन लागेल', 'आता शेवट आला' अशा शंका निघतात. वैद्यकीय सल्ल्याने, घड्याळाप्रमाणे व बद्धकोष्ठतेवरील औषधासोबत दिल्यास ते अनेकांना शांत झोप देते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन परवान्याची पद्धत सोपी झाली. तथापि गावोगावी हे औषध अद्याप मिळत नाही.

कर्करोग संसर्गजन्य नाही, हे वारंवार सांगूनही काही घरांत रुग्णाचे ताट-वाटी वेगळी होते. सेवा करणाऱ्या सुनेलाही मग शेजारणी टाळू लागतात. दोन वेळची धार, रानातील भांगलण आणि नाकातील नळीतून दर काही तासांनी द्यावयाचे पातळ अन्न हे सारे ती एकटी सांभाळते. तिची झोप कोणी विचारीत नाही.

हिशेबाच्या दृष्टीनेही या सेवेचा विचार व्हावा. २०१२ मध्ये सुरू झालेल्या व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जनआरोग्य योजनेतून रुग्णालयातील उपचारांना मोठा आधार मिळतो. परंतु बुडालेली मजुरी, गाडीभाडे व रात्रीची जागरणे यांची नोंद कोणत्याच ताळेबंदात होत नाही.

यावर मार्ग नाही असे नाही. केरळात १९९३ मध्ये कोझिकोडे येथे वेदनाशमन केंद्र सुरू झाले व पुढे गावोगावचे स्वयंसेवक रुग्णांच्या घरी जाऊ लागले. पुण्यात वारजे येथील सिप्लाच्या केंद्रात १९९७ पासून रुग्णासोबत कुटुंबीयांनाही शुश्रूषा शिकविली जाते.

याच वाटेने जाताना आम्हांस चार गोष्टी आवश्यक वाटतात : घरी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबास सोप्या मराठीत सूचनापत्रक, रात्री उचलला जाणारा दूरध्वनी, परिचारिकेची गृहभेट, आणि पाण्याची गादी व सक्शन यंत्र यांसारखे साहित्य विनामूल्य वापरास. यांपैकी कशालाही नवी इमारत लागत नाही. लागतो तो नियमित निधी आणि माणसांचा वेळ. देणगीदारांनी यांतील एखाद्या गोष्टीचा भार उचलावा, अशी आमची नम्र विनंती आहे. नातेवाइकांना सांगणे एवढेच, की शंका लहान वाटली तरी विचारावी. विचारणे हाही शुश्रूषेचाच भाग आहे.