भाताच्या मुळाशी आर्सेनिक

आज आपण पश्चिम बंगाल आणि बांगलादेशातल्या भातखाचरात उतरणार आहोत. १९७० नंतरच्या काळात तिथं पिण्याच्या पाण्यासाठी आणि 'बोरो' म्हणजे कोरड्या हंगामातल्या भातासाठी लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. नद्यांच्या गाळातलं आर्सेनिक तिथल्या उथळ भूजलात विरघळलेलं होतं. पाण्याबरोबर ते शेतात आलं. पण त्याच मातीत गहूही पिकतो. मग दाण्यात जास्त आर्सेनिक भाताच्याच का?

पहिलं कारण, साचलेलं पाणी. चिखलातला ऑक्सिजन संपला की जिवाणू गंजासारख्या लोहसंयुगांवर गुजराण करतात. ती विरघळतात आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक सुटं होतं. शिवाय आर्सेनेटचं आर्सेनाइट होतं. गव्हाच्या जमिनीत हवा खेळती असते, त्यामुळे हे फारसं घडत नाही.

दुसरं कारण भाताची सिलिकाची भूक. भाताचं पान हाताला खरखरीत लागतं ना, ते सिलिकामुळे. आता गंमत बघा, आर्सेनाइटचा रेणू मातीतल्या विरघळलेल्या सिलिकासारखाच दिसतो. २००८ मध्ये जपानमधल्या ओकायामा विद्यापीठाचे जियान फेंग मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की सिलिका आत घेणाऱ्या 'एलएसआय-१' आणि 'एलएसआय-२' या प्रथिनांच्या वाटेनंच आर्सेनाइट शिरतं. आर्सेनेट मात्र फॉस्फेटच्या दारातून येतं.

आत आल्यावर आर्सेनेटचंही आर्सेनाइट होतं. काही भाग मूळ परत मातीत टाकतं. काही भाग गंधकयुक्त 'फायटोकेलेटिन'ला बांधून पेशीतल्या रिक्तिकेत कोंडलं जातं. उरलेलं दाण्यापर्यंत पोचतं. दाण्यात मिथिल जोडलेलं आर्सेनिकही सापडतं. ते भाताचं रोप बनवत नाही, मातीतले सूक्ष्मजीव बनवतात. ते खाणाऱ्याला कमी घातक, पण त्यानं लोंबी पोचट राहू शकते. कर्करोगाचा धोका असतो तो मुख्यतः असेंद्रिय आर्सेनिकाचा. म्हणूनच कोडेक्सनं २०१४ मध्ये सडलेल्या तांदळासाठी त्याची मर्यादा किलोला ०.२ मिलिग्रॅम ठरवली.

मग उपाय काय? खाचर अधूनमधून सुकू दिलं तर आर्सेनिक कमी होतं. पण जमीन सुकली की भात कॅडमियम जास्त शोषू शकतो, म्हणून मातीत कॅडमियम किती आहे हे आधी बघावं लागतं. स्वयंपाकघरात भरपूर पाण्यात भात शिजवून पाणी काढून टाकलं, म्हणजे आपल्या कोकणातल्यासारखा भात वेळला, तर बरंचसं असेंद्रिय आर्सेनिक निघून जातं. अट एकच, ते पाणी आर्सेनिकमुक्त हवं. नाहीतर शिजताना तांदूळ ते उलट शोषून घेतो. वेळलेल्या पाण्याबरोबर काही जीवनसत्त्वंही जातात, हेही ध्यानात ठेवायचं. आणि कोंडा ठेवलेल्या तांदळात आर्सेनिक जास्त असतं, कारण ते कोंड्यात जास्त साठतं.

तेव्हा दोष भाताचा नाही. त्याला सिलिका हवी असते आणि आर्सेनाइट त्याला वेगळं ओळखता येत नाही. खाचरात कुठलं पाणी सोडायचं आणि ते किती दिवस साचू द्यायचं, हे मात्र माणसाच्या हातात आहे.