एका दिव्यासाठी मांडलेला पसारा

भाचीनं लॅमिंग्टन रोडवरून बोर्ड आणला शनिवारी दुपारी, आणि त्यावरचा हिरवा दिवा लुकलुकला रविवारी रात्री साडेनऊला. मधल्या दीड दिवसात तिनं लिहिलेल्या प्रोग्रामच्या ओळी मोजल्या तर फार तर पंधरा भरतील. बाकी सगळा वेळ गेला तो त्या पंधरा ओळी बोर्डाच्या गळी उतरवायची सोय करण्यात. जाणकार या सोयीला ‘बिल्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणतात. ताईनं तिला सरळ ‘पसारा’ म्हटलं, कारण दोन लॅपटॉप, तीन केबल आणि एक दोनशे पानी वही जेवणाच्या टेबलावर पसरली होती आणि शनिवारची जेवणं जमिनीवर बसून झाली.

बोर्ड होता रास्पबेरी पाय पिको डब्ल्यू. मूळ पिको जानेवारी २०२१मध्ये चार डॉलरला बाजारात आला, वायफाय असलेला हा ‘डब्ल्यू’ जून २०२२मध्ये. रुंदी २१ मिलिमीटर, लांबी ५१; म्हणजे च्युइंगमच्या पट्टीहूनही आखूड. त्यावर आरपी२०४० नावाची चिप: दोन कोअर, १३३ मेगाहर्ट्झ, २६४ किलोबाइट रॅम. शेजारच्या वेगळ्या चिपमध्ये दोन मेगाबाइट फ्लॅश. मोबाइलवर काढलेला एखादा चांगला फोटोही त्यात मावणार नाही. पडदा नाही, कीबोर्ड नाही, ऑपरेटिंग सिस्टीम नाही. अशा ठिकाणी कंपायलर चालवणार कुठे?

म्हणून प्रोग्राम तयार होतो एका यंत्रावर आणि चालतो दुसऱ्यावर. डबेवाल्यांच्या मुंबईत हे समजावायला फार शब्द लागत नाहीत: ऑफिसात शेगडी नसते, म्हणून स्वयंपाक घरी होतो आणि डबा पोहोचवला जातो. फरक एवढाच, की इथे जेवणाऱ्याची जीभ घरच्यांसारखी नाही. माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलच्या घराण्यातला, पिकोचा एआरएमच्या. एकाच्या सूचनांतलं दुसऱ्याला अक्षरही कळत नाही. लॅपटॉपवर बसून एआरएमसाठी सूचना रांधणारा जो कंपायलर, तो क्रॉस-कंपायलर.

‘‘मग तुमच्या वेळी काय करायचात?’’ भाचीनं विचारलं. आमच्या वेळी कंपायलर आम्हीच होतो. डिप्लोमाच्या प्रयोगशाळेत ८०८५ प्रोसेसरची किट असायची, लाल आकडे दाखवणारी, कॅल्क्युलेटरसारखी बटणं असलेली. प्रोग्राम आधी वहीत लिहायचा. मग तक्त्यात बोट फिरवून प्रत्येक सूचनेचा आकडा शोधायचा: ‘अ’ रजिस्टरमध्ये संख्या भरायची असेल तर ‘३ई’, थांबायचं असेल तर ‘७६’. ते आकडे एकेक करून बटणांनी भरायचे. खरी मजा पुढेच. मध्ये एखादी सूचना लिहायची राहिली, की तिच्यानंतरचे सगळे पत्ते सरकायचे आणि ‘अमक्या पत्त्यावर उडी मार’ म्हणणाऱ्या ओळी चुकीच्या घरात उड्या मारायच्या. सगळे पत्ते खोडून पुन्हा लिहायचे. वहीची ती पानं अजून माझ्याकडे आहेत, खाडाखोडीसकट. आज हे पत्ते सांभाळण्याचं काम लिंकर नावाचा प्रोग्राम करतो, आणि त्याचे आभार मानावेत असं फक्त आमच्या पिढीला वाटतं.

तर पसारा. माझ्या जुन्या उबुंटू लॅपटॉपवर आम्ही चार गोष्टी मांडल्या. पहिली, जीसीसी हा कंपायलर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७मध्ये तो खुला केला आणि आज तो असंख्य प्रोसेसरांसाठी सूचना बनवतो. आपल्याला हवा तो अवतार ‘आर्म-नन-ईएबीआय’ अशा विचित्र नावाचा. त्यातला ‘आर्म’ प्रोसेसर सांगतो, ‘नन’चा व्यवहारातला अर्थ असा, की तिथे कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम गृहीत धरलेली नाही, शेवटचं ‘ईएबीआय’ हे फंक्शनांनी एकमेकांना माहिती कशी द्यायची त्याच्या कराराचं नाव. दुसरी, न्यूलिब ही सी भाषेची आटोपशीर लायब्ररी. तिसरी, सीमेक. चौथी, पिकोची स्वतःची एसडीके, म्हणजे चिपच्या प्रत्येक अवयवाशी बोलायची तयार फंक्शनं.

आणि एक पाचवी, जी सगळे विसरतात. तयार झालेला प्रोग्राम बोर्डाला हव्या त्या साच्यात बसवणारं एक छोटं साधन असतं. ते चालतं लॅपटॉपवर, आणि एसडीके ते तिथल्या तिथे बांधून घेते. म्हणजे लॅपटॉपचा स्वतःचा साधा कंपायलरही लागतो. डबा भरणाऱ्यांनाही दोन घास लागतातच! तो नसला तर चूक झाल्याचा संदेश असा काही येतो, की दोष बोर्डाच्या कंपायलरचाच वाटावा.

पहिली आपटी खाल्ली ती मात्र याहून साध्या जागी. सीमेक चालवला, आणि त्यानं लाल अक्षरांत सांगितलं की एसडीके कुठे आहे ते सांगितलेलं नाही. ‘‘अरे, बाजूच्याच फोल्डरमध्ये आहे की!’’ भाची पडद्याला म्हणाली. पण सीमेक शेजारीपाजारी डोकावत नाही. त्याला पत्ता लागतो, आणि तो ठेवायची जागा म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल: दाराबाहेर टांगलेली पाटी, येणारा-जाणारा कुठलाही प्रोग्राम वाचू शकेल अशी. पाटी टांगली, काम पुढे सरकलं. टर्मिनल बंद करून पुन्हा उघडलं तर पाटी गायब. ती कायमची राहावी असं वाटत असेल तर टर्मिनल सुरू होताना वाचलं जाणारं जे पान असतं, त्यात लिहून ठेवावी लागते. या एका गोष्टीवर आमचा चहा निवला.

तिनं फोल्डरला नाव दिलं होतं ‘माझे प्रयोग’. ते मी भांडण नको म्हणून आधीच बदलायला लावलं. देवनागरीवर राग नाही. पण दोन शब्दांमधली मोकळी जागा ‘मेक’ या जुन्या प्रोग्रामला आजही पचत नाही, ती दिसली की नाव संपलं असं तो धरून चालतो. मेकची जन्मकथा मला फार आवडते. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन या सहकाऱ्यानं अख्खी सकाळ एका प्रोग्राममधली चूक शोधण्यात घालवली. चूक केव्हाच दुरुस्त झाली होती. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायचीच राहिली होती. ते ऐकून स्टुअर्ट फेल्डमन यांनी, कोणती फाइल कोणत्या फाइलवर अवलंबून आहे ते पाहून बदललं तेवढंच पुन्हा बांधणारा मेक लिहिला. त्यात ओळीच्या सुरुवातीला टॅबच हवा, स्पेस चालणार नाही, असा एक जाचक नियम राहून गेला. फेल्डमनना तो लवकरच खटकला, पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते आणि त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी नियम बदलला नाही. त्या डझनभरांच्या सोयीसाठी पुढच्या पन्नास वर्षांत किती जणांनी डोकं आपटलं असेल! सीमेक आला तो मेकच्या या फाइली हातानं लिहाव्या लागू नयेत म्हणून. तो स्वतः काही बांधत नाही, बांधणाऱ्याला यादी करून देतो.

शनिवारी रात्री अकराला बिल्ड पूर्ण झाला. पंधरा ओळींसाठी पडद्यावरून डझनावारी फाइली सरकल्या, आणि शेवटी लिंकरनं सगळ्यांना जागा वाटून दिल्या. पिकोचा नकाशा त्याला एका फाइलीत लिहून दिलेला असतो. हेक्साडेसिमलमध्ये एकावर सात शून्यं या पत्त्यापासून फ्लॅश, दोनावर सात शून्यं या पत्त्यापासून रॅम. रॅमचे २५६ किलोबाइट एका तुकड्यात आणि चार-चारचे दोन छोटे तुकडे बाजूला. २६४ची बेरीज अशी होते. मी तो नकाशा उघडून भाचीला दाखवला. तिला तो कंटाळवाणा वाटला. मला माझी खाडाखोडीची वही आठवत होती.

रविवारची सकाळ केबलनं खाल्ली. पिकोवर एकच बटण आहे. ते दाबून धरून बोर्ड लॅपटॉपला जोडला, की तो पेन ड्राइव्हसारखा दिसायला हवा. दिसला नाही. पुन्हा जोडला, दुसऱ्या पोर्टला जोडला, लॅपटॉप बंद करून सुरू केला. दुपारी जेवताना मला सुचलं, की ही केबल कुठल्यातरी जुन्या पॉवर बँकेबरोबर आलेली आहे. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा हव्यात, दोन विजेच्या, दोन माहितीच्या. फक्त चार्जिंगसाठीच्या स्वस्त केबलीत माहितीच्या दोन तारा घालतच नाहीत, आणि बाहेरून काही कळायला मार्ग नाही. बोर्डाला वीज मिळत होती, ऐकू मात्र काही येत नव्हतं. केबल बदलली आणि ‘आरपीआय-आरपी२’ नावाचा ड्राइव्ह क्षणात हजर. ती जुनी केबल मी कात्रीनं कापली. फेकली असती तर कुणीतरी पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवली असती.

हा पेन ड्राइव्हचा देखावा पिकोमधली सगळ्यात हुशार गोष्ट आहे. पूर्वी चिपमध्ये प्रोग्राम भरायला प्रोग्रॅमर नावाचं वेगळं उपकरण विकत घ्यावं लागे. त्याही आधी ईप्रॉम या जुन्या चिपच्या काचेच्या खिडकीवर अतिनील दिवा धरून जुना प्रोग्राम पुसावा लागे, त्यात वीसेक मिनिटं जात. इथे फाइल नुसती ओढून टाकायची. ती फाइल यूएफ२ या प्रकारची, मायक्रोसॉफ्टनं मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या मेककोडसाठी तयार केलेल्या. तिचे ५१२ बाइटांचे ठोकळे असतात. पिकोच्या फाइलीत प्रत्येक ठोकळ्यात कामाचा मजकूर २५६च बाइट. उरलेल्या जागेत ओळखखूण आणि हा मजकूर फ्लॅशमध्ये कुठे ठेवायचा तो पत्ता. निम्मी जागा वाया गेली असं वाटेल. पण ऑपरेटिंग सिस्टीम फाइल लिहिताना तुकडे कोणत्या क्रमानं पाठवेल याचा भरवसा नसतो. सुट्या पोस्टकार्डांसारखा प्रत्येक ठोकळा आपला पत्ता स्वतःच घेऊन येतो, त्यामुळे क्रम उलटासुलटा झाला तरी बिघडत नाही. आणि हा देखावा उभा करणारा मजकूर चिपमध्ये कायमचा कोरलेला, १६ किलोबाइटचा. तो पुसता येत नाही. कितीही वाईट प्रोग्राम लिहिला तरी बटण दाबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं. शिकणाऱ्यासाठी यापेक्षा मोठी सोय मला माहीत नाही.

फाइल टाकली. ड्राइव्ह नाहीसा झाला, ‘डिस्क नीट न काढताच ओढली’ अशी तक्रार लॅपटॉपनं केली. म्हणजे बोर्डानं फाइल गिळून नवा प्रोग्राम सुरू केला. दिवा मात्र ढिम्म.

इथे मीही फसलो. मूळ पिकोवर दिवा मुख्य चिपच्या २५ नंबरच्या पिनला जोडलेला आहे, आणि बोर्डाचं नाव वेगळं सांगितलं नाही तर एसडीके मूळ पिकोच गृहीत धरते. डब्ल्यूवर तीच पिन वायफायच्या चिपशी बोलण्यात गुंतलेली. दिवा टांगलाय तो वायफायच्या चिपच्या एका पिनला. आमचा प्रोग्राम बिनचूक चालत होता आणि पाव-पाव सेकंदानं भलत्याच तारेला हलवत होता. मग बोर्डाचं नाव बदललं, वायफाय चिपची लायब्ररी जोडली, दिव्याची ओळ बदलली. जुना बिल्ड फोल्डर पुसून टाकला, कारण सीमेक आधीची उत्तरं जपून ठेवतो आणि तीच पुन्हा वापरायला बघतो. नवी यूएफ२ फाइल कित्येक पटींनी फुगली. वायफायच्या चिपला जाग यायला तिचं स्वतःचं फर्मवेअर लागतं, ते याच फाइलीतून जातं. एक दिवा लावायला अख्खा रेडिओ उठवावा लागतो!

हे सगळं एका बटणावर करून देणारी साधनं आहेत. व्हीएस कोडचं पिकोसाठीचं अधिकृत एक्स्टेन्शन कंपायलरपासून एसडीकेपर्यंत सगळं स्वतः आणून मांडतं, आर्डुइनोचा मार्ग तर त्याहून सोपा. भाचीनं ते आठवड्याभरात वापरायला घेतलं आणि मी काही म्हटलं नाही. पण पुढे गुंता वाढणारच आहे. २०२४च्या पिको २ मधल्या चिपमध्ये एआरएमचे दोन कोअर आहेत आणि आरआयएससी-व्ही या खुल्या घराण्याचेही दोन. कोणत्या भाषेत रांधायचं ते बिल्ड करतानाच ठरवायचं, आणि कंपायलरही त्याप्रमाणे बदलायचा. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनं ‘वेगा’ हे देशी प्रोसेसर आपल्या तिरुवनंतपुरम केंद्रात घडवले, त्यांच्यावरचे ‘एरिज’ बोर्डही आरआयएससी-व्हीचेच. ते हातात आले तर एक्स्टेन्शन असेल-नसेल. पाटी, नकाशा आणि केबल मात्र असतीलच. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर मी तिला कंपायलर, सीमेक आणि एसडीके यांच्या आवृत्त्यांचे आकडे तारखेसकट लिहायला लावले. वर्षभरानं हाच प्रोग्राम बांधायला घेतला आणि बांधला गेला नाही, तर पहिली शंका त्या आकड्यांवर घ्यायची.

त्या रविवारी रात्री साडेनऊला दिवा लागला. ताई स्वयंपाकघरातून येऊन बघून गेली. ‘‘एवढाच?’’ म्हणाली. भाचीनं उत्तर दिलं नाही. ती प्रोग्राममधले २५० मिलिसेकंद खोडून १०० लिहीत होती. मेकनं या वेळी एकच फाइल कंपाइल केली, बाकी डझनावारी फाइलींना हातही लावला नाही. दोन-तीन सेकंदांत नवी यूएफ२ तयार. बटण दाबून केबल लावली, ड्राइव्ह आला, फाइल टाकली, ड्राइव्ह गेला. लॅपटॉपनं पुन्हा तीच तक्रार केली, आणि तिनं ती न वाचताच बंद केली.