वाचनाचं चालू खातं

‘तुमचं आवडतं पुस्तक कोणतं?’ हा प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं. शाळेत रडत रडत वाचलेली ‘श्यामची आई’, कॉलेजात उशाशी असलेली ‘कोसला’, लग्नात आहेर म्हणून आलेलं ‘मृत्युंजय’... सांगणाऱ्याचा चेहरा उजळतो, दोन-चार प्रसंगही तो रंगवून सांगतो. त्यात खोटं काही नसतं. पण त्याच माणसाला लगेच विचारून पाहा, ‘बरं, या महिन्यात काय वाचताय?’ गृहस्थ चष्मा काढून पुसायला लागतात!

माझी ३८ वर्षं बँकेत गेली, त्यामुळे उपमा सुचते तीही बँकेतलीच. आवडती पुस्तकं म्हणजे आपली मुदत ठेव. कधीकाळी ठेवली, पावती कपाटात आहे, आपण निर्धास्त आहोत. या महिन्यात वाचतोय ते पुस्तक म्हणजे चालू खातं. तिथं रोजची उलाढाल दिसते. खात्यात दोन वर्षं व्यवहारच झाला नाही, तर बँक त्याला निष्क्रिय खातं म्हणते. पैसे बुडत नाहीत, पण खातं पुन्हा सुरू करायचं तर खातेदाराला कागदपत्रं घेऊन यावं लागतं. वाचनाचंही तसंच आहे. मुदत ठेवीच्या पावत्या दाखवणारे कितीतरी सुशिक्षित लोक मला रोज भेटतात, आणि त्यांची खाती कधीच निष्क्रिय झालेली असतात. त्यांना स्वतःलाही ते कळलेलं नसतं, कारण तसं विचारणारं कुणी भेटलेलं नसतं.

हे विचारण्याचं काम आमचा एक छोटा गट गेली काही वर्षं करतो आहे. गटाला नाव नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी साडेचारला आमच्या भागातल्या वाचनालयाच्या वर्तमानपत्रांच्या खोलीत आठ-दहा माणसं जमतात. एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. एस.टी.तून निवृत्त झालेले एक वाहक आहेत, ते ‘काका’. औषधांच्या दुकानाचे मालक आहेत, रुग्णालयातल्या एक सिस्टर आहेत, इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा आहे. प्रत्येकानं दहा मिनिटांत एवढंच सांगायचं की, या महिन्यात काय वाचलं आणि कुठपर्यंत आलो.

नियम तीनच. पहिला, बोलायचं ते या महिन्यातल्या पुस्तकाबद्दल. तीस वर्षांपूर्वीच्या नव्हे. दुसरा, ‘प्रत्येकानं वाचायलाच हवं’ हे वाक्य उच्चारायचं नाही. त्या वाक्यानं आजवर किती पुस्तकं न वाचलेली राहिली असतील! तिसरा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अर्धवट सोडलेलं पुस्तकही सांगायचं आणि कितव्या पानावर सोडलं तेही सांगायचं.

या तिसऱ्या नियमानं आमच्या खोलीतलं अवघडलेपण गेलं. औषधवाल्यांनी एकदा एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी १४०व्या पानावर सोडली. का, तर ‘इतके दिवस घोडदौड चालली आहे, पण कुणाला भूक लागत नाही, कुणी जेवत नाही, घोडासुद्धा दाणा खात नाही!’ आम्ही पोट धरून हसलो. पण मी स्वतः कादंबऱ्या लिहितो; ते वाक्य घेऊन मी घरी आलो आणि हातातल्या कादंबरीतली माणसं कधी जेवली होती ते तपासत बसलो. एवढी नेमकी समीक्षा मला फारच थोड्या परीक्षणांतून मिळाली आहे.

गेल्या दोन महिन्यांत माझं चालू खातं गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’वर आहे. पुस्तक बहुतेकांना ऐकून ठाऊक असतं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन वणव्यात सापडले. महू, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी असं करत त्यांनी जे पाहिलं, ते पुढे लिहून ठेवलं. झाशीच्या वेढ्याची हकीगत सांगणारा, प्रत्यक्ष गावात असलेला हा मराठी माणूस. अमृतलाल नागरांनी ‘आँखों देखा ग़दर’ या नावानं हे पुस्तक हिंदीत नेलं.

पण मी ते वाचत होतो कर्जविभागातल्या माणसाच्या नजरेनं. विष्णुभट घराबाहेर पडले ते इतिहास पाहायला नव्हे. घरावर कर्ज झालेलं होतं, आणि बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, चांगली दक्षिणा मिळेल, अशी बातमी आलेली होती. कर्ज फेडायला निघालेला माणूस कमावतो आणि लुटला जातो, पुन्हा कमावतो आणि पुन्हा लुटला जातो. माझ्यासमोर टेबलाच्या पलीकडे बसलेले कितीतरी शेतकरी मला त्यात दिसले. पाऊस, भाव आणि आजारपण त्यांनाही असंच वाटेत गाठायचं. मी माझी दहा मिनिटं या कर्जावरच बोललो.

मग बाकीचे बोलायला लागले आणि पुस्तक माझ्या हातातून निसटून मोठं होत गेलं. बाईंचं सगळं लक्ष राणीकडे. झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी भटजींना भेटलेली, तहानलेली, थकलेली राणी त्यांना पुतळ्यातल्या राणीपेक्षा जवळची वाटते. वाहक काकांनी वाचनालयाच्या जुन्या सूचनेच्या कागदामागे सगळा मार्ग काढून आणला आणि विचारलं, ‘रोज किती कोस चालले असतील हो? आणि मुक्काम कुणाच्या भरवशावर?’ सिस्टर शेवटी बोलल्या. त्या म्हणाल्या, ‘वर्ष उलटलं तरी माणूस परत नाही, तिकडे कत्तली चालल्याच्या बातम्या. मागे घरी राहिलेल्या आईवडिलांनी, घरातल्या बायकांनी ते दिवस कसे काढले असतील? त्यांचा प्रवास कुणी लिहिला?’ खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही.

खरी गंमत पुढेच आहे. बाई एक वाक्य वाचून दाखवायला लागल्या आणि माझ्या प्रतीत ते वाक्य तसं नव्हतंच. आधी वाटलं, पान चुकलं. मग इंजिनिअरिंगवाल्या मुलानं दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा उलगडा झाला. चिंतामण विनायक वैद्यांनी हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध केलं ते आपला हात फिरवून. मूळ हस्तलिखितावरून केलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी काढली ती १९६६ साली. बाईंकडे वाचनालयातली एक परंपरा, माझ्याकडे दुसरी! दोघं आपापल्या घरी आरामखुर्चीत वाचत बसलो असतो, तर एकाच नावाची दोन पुस्तकं वाचतोय हे जन्मात कळलं नसतं. पुढचा तासभर आम्ही कुठं काय बदललं आहे ते शोधण्यात घालवला, आणि चहा निवून गेला.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवसापासून मोलाची वाटते. वैद्यांनी विष्णुभटांना ‘तुम्ही पाहिलंत ते लिहून काढा’ म्हटलं, म्हणून हे पुस्तक झालं. प्रवासानंतर वीस-पंचवीस वर्षं ते सगळं त्यांच्या मनातच होतं. कुणीतरी विचारणारं भेटलं, तेव्हा ते कागदावर उतरलं. वाचकाचंही याहून फार वेगळं नसतं. पुस्तक मिटल्यावर मनात जे तरंगत राहतं, ते कुणी विचारलं तरच शब्दांत येतं, आणि शब्दांत आलं तरच आपल्याला नीट कळतं.

अर्थात हे आम्ही शोधून काढलेलं नाही. चातुर्मासात देवळात एकानं पोथी वाचायची आणि गावानं ऐकायची, ही आपली जुनी रीत. श्रीधरांचे ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ अक्षरओळख नसलेल्या आज्यांना तोंडपाठ असत ते असेच. पुढे छापील पुस्तकं आली, तेव्हा ती एकट्यानं विकत घेण्यापेक्षा मिळून घ्यावीत, या विचारानं गावोगाव वाचनालयं उभी राहिली. रत्नागिरीचं १८२८ सालचं, नाशिकचं १८४०चं, पुण्याचं १८४८चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं आणि मुंबईचं १८९८चं. नोकरीत दर तीन-चार वर्षांनी बदली व्हायची. नव्या गावी घर लागलं की दूधवाला ठरवायचा आणि वाचनालयात अनामत भरायची, ही आमच्या घरची पहिली दोन कामं. त्या काउंटरवर पुस्तक परत देताना मागचा माणूस हमखास विचारायचा, ‘कसं आहे हो? घेऊ का?’ त्या एका प्रश्नावर गावात माझ्या निम्म्या ओळखी झाल्या.

आज काउंटरवरची रांग बहुतेक ठिकाणी राहिलेली नाही. पुस्तकं घरपोच येतात, आणि वाफाळत्या चहाच्या कपाशेजारी मुखपृष्ठ ठेवून काढलेला फोटो मोबाइलवरून शंभर जणांना जातो. मला त्याचा राग नाही. त्या फोटोवरून मीही पुस्तकं मागवली आहेत. पण फोटो सांगतो की पुस्तक घरात आलं. कितव्या पानावर जीव अडकला, कुठं कंटाळा आला, हे त्यात दिसत नाही. त्यासाठी समोर माणूस लागतो, आणि त्याला प्रश्न विचारायला फुरसत लागते.

फुरसतीवरून आठवलं. बाई दुर्गाबाई भागवतांचं १९५६ सालचं ‘ऋतुचक्र’ दरवर्षी वाचतात, पण एकदम नाही. त्यात मराठी महिन्यांवर एकेक लेख आहे. ज्या महिन्यात आपण आहोत, तेवढाच वाचायचा. ‘आषाढातलं पान चैत्रात वाचून काय करू?’ असं त्या विचारतात. त्यांच्या चालू खात्यात महिन्याला एकच नोंद, पण ती चुकत नाही. महिन्यात किती पुस्तकं संपवली याची स्पर्धा करणाऱ्या आमच्यातल्या दोघा-तिघांचा वेग त्यानंतर आपोआप कमी झाला.

गेल्या वर्षी मात्र या गटाची खरी परीक्षा झाली. वाहक काका सलग दोन महिने आले नाहीत. मधुमेहानं त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला होता. बाई चौकशीला घरी गेल्या, तर म्हणाले, ‘आता मी काय सांगणार, बाई? वाचणंच बंद झालं. नुसतं येऊन बसायचं म्हणजे विनातिकीट प्रवास.’ आयुष्यभर एस.टी.च्या डेपोत, मुक्कामाच्या खोलीत, चाळीस वॅटच्या दिव्याखाली पुस्तकं वाचलेला हा माणूस. त्याला स्वतःला वाचक म्हणवून घेण्याचा हक्क उरला नाही असं वाटत होतं.

पुढच्या बैठकीत कुणी भाषण केलं नाही. आम्ही फक्त एक नियम वाढवला. ऐकलेलं पुस्तक हेही वाचलेलंच. मुलानं त्यांच्या मोबाइलवर २०१७ साली भारतात आलेलं स्टोरीटेल घालून दिलं. काकांना ते जमलं, पण त्यांचं म्हणणं, ‘त्यातला माणूस थांबत नाही. मध्येच विचारायचं झालं तर कुणाला विचारू?’ मग दर गुरुवारी संध्याकाळी हा मुलगाच त्यांच्याकडे अर्धा तास जाऊ लागला. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ सुरू झाली. मुलानं ती कधी हातात घेतली नव्हती. आता काका अडवतात, मागचं पान पुन्हा वाचायला लावतात, सोवळंओवळं म्हणजे काय ते मुलाला समजावून सांगतात. मुलगा विचारतो, ‘काका, लक्ष्मीबाईंना राग कसा नाही आला?’ की वाचन बाजूला राहतं आणि दोघं भांडत बसतात.

महिन्याभरानं काका बैठकीला आले. त्यांची पाळी आली तेव्हा वाहकाच्या हिशेबी आवाजात म्हणाले, ‘स्मृतिचित्रे. अर्ध्या तासात आठ पानं होतात. पोरगं घाईत असलं तर दहा. सध्या आम्ही नगरला आहोत.’ त्या ‘आम्ही’कडे सगळ्यांचं लक्ष गेलं. कुणी काही बोललं नाही. औषधवाल्यांनी चहाचा कप त्यांच्या हातात नीट धरवून दिला आणि पुढच्याची पाळी सुरू झाली.

तेव्हा वाचकहो, असा गट जमवायला वाचनालयाची खोलीच हवी असं नाही. आज रविवार आहे. दुपारची जेवणं झाली की ताटं उचलायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, या महिन्यात काय वाचतोस, वाचतेस, वाचताय? अभ्यासाची पुस्तकं धरू नका. दिवाळी अंक, पाककृतींचं पुस्तक, नातवाचं चित्रांचं पुस्तक सगळं धरा. कितव्या पानावर आहे तेही विचारा. कुणी ‘काहीच नाही’ म्हटलं तर उपदेश करू नका. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा, एवढंच.